नाणी तोलणारा गणिती

शाळेच्या इतिहासात नाणे येते ते बहुधा राजाच्या पाठोपाठ. धड्याच्या कोपऱ्यात एक गोल चित्र, त्यावर राजाचा चेहरा आणि खाली त्याचे नाव. ‘इतिहासाची साधने’ असा प्रश्न परीक्षेत आला की शिलालेख, ताम्रपट, नाणी असे तीन शब्द लिहून आपण मोकळे होतो. परंतु आपल्या देशातील सर्वांत जुन्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, चेहरा नाही आणि सालही नाही. चांदीच्या पत्र्याचे वेडेवाकडे कापलेले तुकडे आणि त्यांच्या एका बाजूस पाच ठसे, कोठे सूर्य, कोठे सहा आऱ्यांचे चक्र, कोठे हत्ती, कोठे टेकडी. यांना आहत नाणी म्हणतात. जुन्या ग्रंथांतला कार्षापण तो हाच. अशा मुक्या तुकड्यांना बोलके करण्याचा उद्योग एका मराठी माणसाने केला, आणि तो माणूस इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. तो गणित शिकवीत असे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन या गावी झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माच्या ओढीने घरदार सोडून निघालेले गृहस्थ. काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट करीत ते पाली शिकले आणि पुढे अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोचले. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मवृत्त आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. १९१८ साली ते दामोदरला बरोबर घेऊन अमेरिकेस गेले. मुलगा तेथल्या शाळेत वाढला, हार्वर्डमध्ये शिकला आणि १९२९ साली उच्च श्रेणीत पदवी घेऊन परतला. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषा त्याच्या जिभेवर होत्या. संस्कृत आणि पाली तर घरचीच.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना माझी नजर आधी घराकडे जाते. वडील काय करीत होते, पुस्तके कोठून आली, फी कोणी भरली. कोसंबींच्या बाबतीत हे उत्तर सोपे आहे. विद्येचा वारसा त्यांना घरातच मिळाला, आणि तो मिळाला नसता तर हे सारे झाले असते असे मला वाटत नाही. परंतु मिळालेल्या वारशाचे त्यांनी जे केले, ते मात्र कोणाही वारसदाराने सहसा केलेले नाही.

भारतात आल्यावर बनारस हिंदू विश्वविद्यालय, मग अलिगढ आणि त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असा त्यांचा अध्यापनाचा प्रवास झाला. अलिगढला त्यांना बोलावणारे आंद्रे वेय हे फ्रेंच गणिती पुढे जगप्रसिद्ध झाले. १९३४ साली कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. भूमितीच्या एका अवघड शाखेत त्यांचे नाव झाले होते. ते गणित मला कळत नाही, म्हणून ते येथेच सोडतो. मला ओढून घेतले ते त्यांच्या पुढच्या उद्योगाने.

संख्याशास्त्र हा विषय त्यांनी स्वतःच स्वतःला शिकवला. पुस्तकातली उदाहरणे सोडवून नव्हे, तर खराखुरा प्रश्न हाती घेऊन. तो प्रश्न त्यांना मिळाला तक्षशिलेच्या नाण्यांत. १९२४ साली तेथील भीर टेकाडाच्या उत्खननात आहत नाण्यांचा एक मोठा ठेवा सापडला होता. एक हजाराहून अधिक नाणी, आणि त्यांच्याबरोबर अलेक्झांडरची दोन व त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचे एक, अगदी कोऱ्या स्थितीतले. म्हणजे हा ठेवा इसवी सनापूर्वी ३१७ च्या सुमारास जमिनीत गेला असावा, असा अंदाज बांधता येत होता. ई. एच. सी. वॉल्श यांनी १९३९ साली या नाण्यांचे वर्णन वजनांसह प्रसिद्ध केले. लोकांनी त्यातील ठसे पाहिले, कोसंबींनी वजने पाहिली.

त्यांचा विचार साधा होता. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके दिवस फिरेल तितके हलके होईल. कार्षापणाचे ठरीव वजन ३२ गुंजा, म्हणजे आजच्या मापाने साडेतीन ग्रॅमला थोडे कमी. मग हलके नाणे जुने आणि जड नाणे नवे म्हणून मोकळे व्हायचे काय? तसे करता येत नाही. टांकसाळीतून निघतानाच दोन नाणी अगदी सारखी नसतात. एकट्या नाण्याचे वजन काहीच सांगत नाही. मात्र एकाच जातीची शंभर-दोनशे नाणी घेतली तर त्यांची सरासरी बोलू लागते. फिरण्याचा काळ वाढतो तशी सरासरी उतरते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. एकाच दिवशी कामाला लागलेल्या माणसांचे हात वीस वर्षांनी पाहावेत, तसेच हे. कोणाचे कमी झिजले, कोणाचे जास्त.

आता दुसरी बाजू पाहू. आहत नाण्यांच्या मागच्या अंगाला बारीकबारीक खुणा असतात. एखाद्यावर एकही नाही, एखाद्यावर दोन, एखाद्यावर गर्दी. कोसंबींनी नाण्यांचे गट या खुणांच्या संख्येवरून पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी काढली. जितक्या खुणा अधिक तितके सरासरी वजन कमी, आणि तेही एका सरळ रेषेत उतरणारे! याचा अर्थ त्या खुणा सजावटीच्या नव्हत्या. नाणे व्यापाऱ्यांच्या हाती पारखले जाई, आणि ठरावीक काळाने त्यावर पारखणाऱ्याची खूण पडे. साल न लिहिलेल्या नाण्याच्या पाठीवर त्याचे वय नोंदलेले होते. नोंद करणारे राजे नव्हते, सराफ होते.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. माझे वडील चेंबूर स्टेशनाबाहेर भाजीची हातगाडी लावतात. रात्री घरी आल्यावर चिल्लर सतरंजीवर ओतायची आणि दहा-दहाच्या चवडी लावायच्या, हे काम मी लहानपणापासून केलेले आहे. गुळगुळीत झालेले नाणे बोटाला लगेच कळते. डोळ्यांनी पाहावेही लागत नाही. (आता गाडीला क्यूआर कोड टांगल्यापासून चवडी बुटक्या झाल्या आहेत, तो भाग वेगळा.) आमच्या घराण्याचा उल्लेख कोणत्याही ताम्रपटात सापडणार नाही. पण नाणे झिजवणाऱ्या हातांत आमचे हात असणारच, आणि ती झीज मोजता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

माझ्याजवळ पत्र्याच्या डब्यात एक छोटा संग्रह आहे. गेल्या वर्षात त्यात तीन नाण्यांची भर पडली. आजीने गावाहून दिलेली एक शिवराई, १९४३ ते १९४७ या काळात निघालेला भोकाचा एक पैसा, आणि २०११ साली चलनातून गेलेली गेंड्याच्या चित्राची पावली. शिवराई माझी विशेष आवडती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असायची, पण माझ्या नाण्यावर ‘राजा’ एवढेच हाताला लागते. बाकीचे लोकांच्या कनवटीला गेले. महाराजांच्या मागेही शिवराया कितीतरी पिढ्या पडत राहिल्या व चालत राहिल्या, म्हणून माझी नेमकी कोणत्या काळातली हे सांगता येत नाही. कोसंबींच्या नजरेने पाहिले तर ती एकटी आहे, म्हणून मुकी आहे.

कोसंबींचे खरे मोठेपण मला पुढच्या पायरीत दिसते. नाणी झिजतात हे त्यांनी गृहीत धरून चालवले नाही. ते तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणी गोळा केली आणि एकेक करून तोलली. या नाण्यांची संख्या सात हजारांच्या घरात जाते. नव्या नाण्यांवर साल असते, त्यामुळे किती वर्षांत किती झीज हे ताडून पाहता येते. १९४२ साली चलनातील नाण्यांची झीज या विषयावर त्यांचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला. मी गंमत म्हणून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एकाच घडणीची एक रुपयाची चाळीस नाणी तोलून पाहिली. पोलादी नाणे चांदीसारखे झिजत नाही, त्यामुळे सालवार क्रम काही लागला नाही. मात्र चाळीस नाण्यांनीच दुपार खाल्ली आणि सराफाच्या चेहऱ्यावरचा संयमही. सात हजार नाणी तोलायला काय चिकाटी लागली असेल याची कल्पना त्या दुपारी आली.

या पायावर त्यांनी आणखी पुढे जाऊन कोणता ठसा मगधाच्या कोणत्या राजाचा, हे पुराणांतील वंशावळींशी जुळवून ठरवण्याचा प्रयत्न केला. ही जुळणी नंतरच्या अभ्यासकांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नाही, आणि मलाही वाटते की येथे गणिती मागे पडून तर्क पुढे धावला. पण मौर्यकाळाच्या उत्तरार्धातील नाण्यांत चांदी घटून तांबे वाढले होते, म्हणजे वैभवाच्या वर्णनाआड तिजोरीची ओढाताण चालू होती, ही गोष्ट त्यांनी नाण्यांतूनच पुढे मांडली. राजा काय कोरून ठेवतो आणि त्याचे नाणे काय सांगते, यांत असा फरक पडतो.

१९४५ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. बिऱ्हाड पुण्यातच होते. सकाळी दख्खनच्या राणीने मुंबई आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. याच काळात भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती निघाली (१९४८), आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ आला. सुट्टीच्या दिवशी ते पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवीत, अश्मयुगातील बारीक हत्यारे वेचीत, मेंढपाळांशी व गावकऱ्यांशी बोलत, शेंदूर फासलेल्या देवतांची स्थाने नकाशावर मांडीत. कार्ल्याच्या लेण्याकडे जाणारी व्यापारी वाट आणि गावदेवीच्या जत्रेची वाट यांचा संबंध असू शकतो, हे खुर्चीत बसून सुचणारे नाही.

स्वभाव मात्र कडक. चूक दिसली की समोरचा कितीही मोठा असो, शब्द राखून बोलणे त्यांना जमले नाही. मार्क्सचा मार्ग त्यांनी पत्करला, पण पक्षवाल्यांच्या पोथीनिष्ठेवरही ते तितकेच तुटून पडत. अणुशक्तीच्या बाबतीतही तसेच. १९५६ साली आमच्या चेंबूरच्या पलीकडे तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि देशभर कौतुक झाले. कोसंबी त्या वेळी भाभांच्याच संस्थेत नोकरीला होते, आणि सांगत होते की आपल्यासारख्या गरीब व उन्हाच्या देशाने सूर्याच्या शक्तीवर पैसा घालावा. आज आमच्या गल्लीतून तुर्भ्याची टेकडी दिसते आणि काही इमारतींच्या गच्च्यांवर सौर पत्रेही दिसतात. दोन्ही पाहताना मला त्यांची आठवण होते.

या बोलण्याची किंमत त्यांना द्यावी लागली काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९५९ साली त्यांनी रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा एका शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. ती सिद्धता टिकली नाही आणि गणित्यांत त्यांचे हसे झाले. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. मला वाटते, कारणे दोन्हीकडे होती. पण ज्या माणसाने १९४४ साली जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र दिले, आणि ज्याच्या नावाने ते सूत्र अजून जगभर वापरले जाते, त्याला पंचावन्नाव्या वर्षी बाहेर पडावे लागले, ही गोष्ट वाचताना कडू लागते खरी.

ते थांबले नाहीत. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्मान्य वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्यात काम करण्याची सोय झाली. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९६६ च्या फेब्रुवारीत ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांचा नाणेशास्त्रावरील लेख आला. पंचवीस वर्षांपूर्वी हाती घेतलेला तोच प्रश्न, तीच झीज, तोच काटा. त्याआधी महिनाभर भाभा विमान अपघातात गेले होते. २९ जून १९६६ रोजी पुण्याच्या राहत्या घरी झोपेतच कोसंबींचे निधन झाले. वय ५९ सुद्धा पूर्ण झाले नव्हते.

त्यांचे नाण्यांवरील विखुरलेले लेख १९८१ साली एका इंग्रजी ग्रंथात एकत्र छापले गेले. त्याची पाने उघडली की राजांच्या चित्रांऐवजी आकड्यांचे रकानेच्या रकाने दिसतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने घाबरू नये. पहिला रकाना मागच्या खुणांचा, दुसरा नाण्यांच्या संख्येचा, तिसरा सरासरी वजनाचा असे समजून वरून खाली वाचत जावे.