जेम्स जॉन बर्कली

जेम्स जॉन बर्कली (जन्म : होलोवे, लंडन, २१ ऑक्टोबर १८१९, मृत्यू : सिडनहॅम, २५ ऑगस्ट १८६२) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंते व ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे पहिले मुख्य निवासी अभियंते होते. भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग, म्हणजे मुंबई ते ठाणे, त्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. तथापि त्यांची खरी कीर्ती सह्याद्री चढून जाणाऱ्या बोरघाट व थळघाट (कसारा घाट) या दोन मार्गांच्या आखणीवर उभी आहे. इंजिनाला किती ओझे ओढता येईल आणि उतारावर ते किती आवरता येईल, या हिशेबावर त्यांनी डोंगरातील मार्ग बेतला. बोरघाटाची चढण आजही त्याच प्रमाणात आहे.

पूर्वायुष्य

बर्कली यांचे शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात झाले. पुढे ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. रॉबर्ट हे वाफेच्या इंजिनाला व्यवहारात आणणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे पुत्र आणि त्या काळचे अग्रगण्य रेल्वे अभियंते. इंग्लंडमधील काही मार्गांवर काम केल्यावर स्टीफन्सन यांच्याच शिफारशीने बर्कली यांची भारतातील नव्या कंपनीत नेमणूक झाली आणि १८५० साली ते मुंबईत आले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम तीस होते.

मुंबई ते ठाणे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे सुमारे ४००. आणि गाडी ओढण्यास साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. हा मार्ग जवळजवळ सपाट असल्याने तीन इंजिनांत गरजेपेक्षा समारंभाचा भाग अधिक असावा. पुढच्याच वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून मार्ग कल्याणला पोचला. येथपर्यंतचे काम अवघड असले तरी अपरिचित नव्हते. कल्याणच्या पुढे मात्र सह्याद्रीची भिंत उभी होती.

घाटाची निवड

कंपनीचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या मूळ योजनेत लोहमार्ग माळशेज घाटातून देशावर चढणार होता. कल्याणहून जुन्नरकडे येणारी ही वाट प्राचीन आहे. तिच्याच शेजारच्या नाणेघाटातून सातवाहनकाळी व्यापार चाले. बर्कली यांच्या कारकिर्दीत डोंगराची सविस्तर पाहणी झाली, माळशेजचा बेत मागे पडला, आणि मार्गाला दोन फाटे देण्याचे ठरले : ईशान्येस थळघाटातून नाशिक-भुसावळकडे व आग्नेयेस बोरघाटातून पुणे-सोलापूरकडे.

या निर्णयाचा परिणाम जुन्नर व आंबेगाव तालुक्यांवर कायमचा झाला. माळशेजचा बेत पार पडता, तर जुन्नर, नारायणगाव, मंचर, अवसरी खुर्द या पट्ट्याला रेल्वेचे स्थानक परके राहिले नसते. आजही या दोन तालुक्यांतून लोहमार्ग जात नाही. येथला कांदा, बटाटा व भाजीपाला रस्त्यानेच मुंबई-पुण्यास जातो. केवळ डोंगर अडवा आला म्हणून हे घडले असे म्हणणे अपुरे ठरेल. बोरघाटातही डोंगर होताच. प्रश्न होता तो कोणत्या डोंगरावर इंजिनाला झेपेल अशी सलग चढण काढता येते, हा.

ओढशक्तीचा हिशेब

लोखंडी रुळावर लोखंडी चाक अत्यंत सहज फिरते. सपाट मार्गावर एक टन वजन चालते ठेवण्यास चार-पाच किलोग्रॅम एवढीच ओढ पुरते. चढणीवर चित्र पालटते. ३७ फुटांना १ फूट या चढणीवर दर टनामागे वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे आणखी सुमारे २७ किलोग्रॅम ओढ लागते. एकूण ओढ सहा-सात पटींनी वाढते. शिवाय इंजिनाला डब्यांबरोबर स्वतःचे वजनही वर न्यावे लागते.

दुसरी मर्यादा पकडीची. इंजिन कितीही ताकदवान असले तरी त्याच्या चालक चाकांवरील वजनाच्या साधारण चौथ्या भागाहून अधिक ओढ रुळावर टिकत नाही. त्यापुढे चाके जागीच गरगरतात. चालक चाकांवर ४० टन वजन असलेले एक इंजिन कल्पिले आणि त्याचे सर्व वजन त्या चाकांवरच आहे असे धरले, तर कोरड्या रुळावर ते १० टनांची ओढ देईल. दर टनामागे ३२ किलोग्रॅम या हिशेबाने एकूण ३१० टन वर जातील. त्यांतून इंजिनाचे ४० वजा करता डब्यांसाठी २७० टन उरतात. पावसाने पकड निम्मी झाली, तर एकूण १५५ टनच जातात आणि डब्यांच्या वाट्याला ११५ येतात. पकड अर्ध्यावर आली की ओझे अर्ध्याहूनही खाली येते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी आकडे मांडून पाहण्याजोगी आहे. सह्याद्रीच्या पावसाळ्यात ती केवळ गणितापुरती राहत नाही.

पारगावच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर आंबेगावकरांच्या नित्य परिचयाचे आहेत. सपाट रस्त्यावर बिनघोर चालणारा ट्रॅक्टर चढावर पुढची चाके उचलू लागतो, त्यामागे हेच कारण आहे. परदेशात पिकअप गाडीमागे चाकांवरचे घर जोडून सहलीस निघणाऱ्यालाही तोच हिशेब करावा लागतो : ओढगाडी, तिच्यातील माणसे, सामान आणि मागचे घर या सर्वांचे मिळून वजन किती, जोडावर भार किती येतो आणि उतारावर ब्रेक पुरतील काय. गाडी सपाटीवर हलली एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे असते.

बोरघाटाची आखणी

बर्कली यांनी बोरघाटात सर्वांत तीव्र चढण ३७ ला १ अशी ठेवली. इंग्लंडमधील लिकी येथे जवळपास एवढीच चढण १८४० पासून वापरात होती. पण तिची लांबी तीन-सव्वातीन किलोमीटरच होती. बोरघाटाचा मार्ग सुमारे २५.५ किलोमीटर लांब असून त्यात तो ५५८ मीटर (१,८३१ फूट) वर चढतो. सरासरी चढण सुमारे ४६ ला १ पडते. त्यासाठी मूळ मार्गावर २५ बोगदे व ८ मोठे पूल बांधावे लागले.

खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की वळण घेऊन चढण राखणे शक्य नव्हते. तेथे रिव्हर्सिंग स्टेशन योजले गेले. गाडी एका सपाट टोकावर येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकास लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. वेळ खाणारी, पण निर्धोक अशी ही युक्ती होती. १९२९ च्या सुमारास विद्युतीकरणाच्या काळात मार्ग नव्याने वळवेपर्यंत ती चालू राहिली.

उतरणीचा विचार चढणीइतकाच महत्त्वाचा होता. त्या काळी सर्व डब्यांना एकाच वेळी लागणारे ब्रेक नव्हते. ठरावीक डब्यांतील माणसे हाताने ब्रेक आवळीत. दोनशे टनांची गाडी या उतारावर पाच टनांहून अधिक जोराने खाली खेचली जाते. ती हाताबाहेर गेली तर तिला वळवून घेण्यासाठी मुख्य मार्गातून डोंगरावर चढणारे आंधळे रूळ, म्हणजे कॅच सायडिंग, काढले गेले. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्याखेरीज तिला मुख्य मार्ग मोकळा करावयाचा नाही, अशी ही व्यवस्था असते. घाटासाठी पाण्याच्या टाक्या अंगावरच वाहणारी जड इंजिने मागविण्यात आली. टाकीतील पाण्याचे वजन इंजिनावरच पडल्याने चाकांची पकड वाढे.

बांधकाम आणि त्याची किंमत

बोरघाटाचे काम २४ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात गाड्या घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत येऊ लागल्या आणि १४ जून १८५८ पासून खंडाळा-पुणे मार्गही चालू झाला. मधला घाट प्रवासी पालखीतून, घोड्यावरून अथवा पायी चढत.

पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल यांच्या कामावर १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि त्यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेऊन तडीस नेले. १८६१ साली एका वेळी ४२,००० पर्यंत माणसे घाटात राबत होती. कड्यावरून दोराने लोंबकळून सुरुंगाची भोके पाडणाऱ्या या मजुरांपैकी पटकी, ताप व अपघात यांनी मोठ्या संख्येने लोक दगावले. त्यांची नावे कोठेही लागलेली नाहीत. बर्कली यांच्या चरित्रलेखनात बोगद्यांची मोजमापे इंचापर्यंत दिली जातात आणि हा भाग एका वाक्यात उरकला जातो, हे खटकते.

कामे देशी कंत्राटदारांकडे सोपविण्यास बर्कली अनुकूल होते. पारशी कंत्राटदार जमशेटजी दोराबजी यांनी या रेल्वेची अनेक कामे घेतली व उत्तम रीतीने पार पाडली. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये बर्कली यांनी रेल्वेविषयी व्याख्याने दिली. लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेत १८६० साली वाचल्या गेलेल्या भारतीय रेल्वेवरील त्यांच्या निबंधास टेलफर्ड पदक मिळाले.

अखेर

भारतातील हवामान व अतिश्रम यांनी प्रकृती ढासळल्याने ते १८६१ साली इंग्लंडला परतले. पुढच्या वर्षी ४२ वर्षे पूर्ण करून त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोरघाटाचे उद्घाटन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते २१ एप्रिल १८६३ रोजी झाले. थळघाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. यांपैकी एकही सोहळा त्यांना पाहता आला नाही. घाटातील एक मोठा पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला आणि दगडी कामाच्या दर्जाविषयी प्रश्न उभे राहिले. आखणीची चढण मात्र कोणी बदलली नाही.

मागे राहिलेले

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने (बँकर) लागतात, ती याच ३७ ला १ चढणीमुळे. दीड शतकाहून अधिक काळ हा क्रम चालू आहे. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी मात्र बँकरविना घाट चढते. तिच्या मोटारी एकाच इंजिनात नसून अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत, त्यामुळे गाडीच्या वजनाचा बराच मोठा भाग पकडीच्या कामी येतो.

बर्कली यांच्या स्मरणार्थ स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे पारितोषिक ठेवण्यात आले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना ते मिळाले होते.