पियानोसम्राट आबे लिस्ट



प्रायश्चित्त काळातील शुक्रवारी आपण क्रुसाची वाट करतो. चौदा स्थानांवर थांबतो, गुडघे टेकतो, पुढे जातो. याच चौदा स्थानांना एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या सर्वांत गाजलेल्या पियानोवादकाने संगीत दिले आहे. फ्रान्झ लिस्ट हे त्यांचे नाव. पियानोच्या परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते ठाऊक असते. लिस्ट पुढे धर्मसेवेत दाखल झाले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

लिस्ट यांचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजी हंगेरीच्या राज्यातील रायडिंग या खेड्यात झाला. आज ते गाव ऑस्ट्रियात आहे. वडील आडाम एका सरदार घराण्याच्या जमीनजुमल्यावर नोकरीस होते. तरुणपणी ते फ्रान्सिस्कन मठात उमेदवारी करून परतले होते. मुलाचा हात पियानोवर असा चालू लागला की वडिलांनी त्याला व्हिएन्नास नेले. तेथे कार्ल चेर्नी या नामवंत शिक्षकांनी त्याला शिकवले आणि थोड्याच दिवसांत फी घेण्यास नकार दिला. लिस्ट ही गोष्ट विसरले नाहीत.

१८२७ साली वडील वारले तेव्हा फ्रान्झ पंधरा वर्षांचे होते. पॅरिसमध्ये शिकवण्या करून ते आईला सांभाळू लागले. एका उमरावाच्या मुलीवर त्यांचे मन जडले. तिच्या वडिलांनी दार बंद केले. मुलगा इतका खचला, आजारी पडला की पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने त्याच्या निधनाची बातमीच छापून टाकली! त्याच काळात सेमिनरीत जाण्याचा त्याने हट्ट धरला. आईने आणि त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्याला परावृत्त केले.

पुढची वीस वर्षे जगाची होती. १८३२ साली पागानिनी यांचे व्हायोलिन ऐकून लिस्ट यांनी आपला रियाज नव्याने सुरू केला. एकट्याने संपूर्ण मैफल करायची, तीही पुष्कळदा समोर कागद न ठेवता, ही प्रथा त्यांनी रुजवली. त्यांचे हातमोजे आणि रुमाल मिळवण्यासाठी बायका भांडत. या वेडाला तेव्हा लिस्टोमेनिया असे नाव पडले. पैसा आला तसा तो गेलाही: १८३८ साली पेश्त शहर पुरात बुडाले तेव्हा त्यांनी पूरग्रस्तांसाठी मैफली केल्या, बॉनमधील बेथोव्हन यांच्या स्मारकाला मोठी रक्कम दिली.

दुसरी बाजूही लपवू नये. एका विवाहित सरदारपत्नीबरोबर ते राहिले, त्यांना तीन मुले झाली आणि ती बव्हंशी आजीपाशी वाढली. बाप गावोगाव मैफली करीत होता.

१८४७ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आजच्या युक्रेनमधील येलिसावेतग्राद येथे त्यांनी शेवटची मानधनाची मैफल केली. कीर्ती शिगेला असताना थांबले. त्यानंतर ३९ वर्षे जगले, असंख्य शिष्य घडवले आणि त्यांच्याकडून फी घेतली नाही.

कॅरोलिन या पोलिश राजकुमारीशी रोममध्ये, पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांचा विवाह ठरला होता. चर्च सजले होते. आदल्या रात्री निरोप आला की तिच्या पहिल्या विवाहाबाबत पुन्हा हरकत निघाली आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे घरात दोन मृत्यू: १८५९ साली वीस वर्षांचा मुलगा दानिएल, १८६२ साली थोरली मुलगी ब्लांदिन. १८६३ साली लिस्ट रोमच्या मोंते मारिओ टेकडीवरील मठात राहायला गेले. खोलीतल्या लहानशा पियानोचा एक सूर वाजतच नव्हता. त्याच जुलैत पोप पायस नववे तेथे येऊन त्यांचे वादन ऐकून गेले. १८६४ साली राजकुमारीचे पती वारले, वाट मोकळी झाली. विवाह मात्र झाला नाही.

२५ एप्रिल १८६५ रोजी त्यांनी मुंडनविधी स्वीकारला आणि ३१ जुलै रोजी द्वारपाल, वाचक, भूतनिरसक व वेदीसेवक या चार कनिष्ठ पदव्या. पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली ही रचना बदलली, म्हणून सांगतो: या पदव्या म्हणजे धर्मगुरुपद नव्हे. लिस्ट मिस्सा अर्पू शकत नव्हते, पापनिवेदन ऐकू शकत नव्हते. लोक त्यांना आबे म्हणत. काळा झगा हाही रंगमंचावरचा पोशाखच, अशी टवाळी झाली. आम्हाला तसे वाटत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नुसते वाटणे आणि ठरवणे यांतला भेद आम्ही वहीत उतरवून घेतला होता. लिस्ट यांच्या आयुष्यात या दोहोंमध्ये पस्तीसहून अधिक वर्षे गेली. आणि ठरवले तेव्हाही युरोपभर गाजलेला हा माणूस खालच्या पायऱ्यांवरच थांबला. तेथे टाळ्या नव्हत्या.

३१ जुलै १८८६ रोजी, म्हणजे त्या पदव्यांच्या बरोबर एकविसाव्या वर्षदिनी, बायरॉइट येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांची मुलगी कोसिमा तेथेच होती, पण वाग्नेर संगीतमहोत्सवाच्या धावपळीत. लिस्ट यांच्याजवळ असलेल्या एका शिष्येच्या नोंदींनुसार शेवटचे साक्रामेंत देण्यास कोणी धर्मगुरू बोलावला गेला नाही. हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

क्रुसाच्या वाटेचे संगीत त्यांनी १८७९ साली पूर्ण केले. बोटांची करामत त्यात औषधालाही नाही. येशू तीनदा पडतो. तिन्ही वेळा पुरुषांचा आक्रोश, आणि मागोमाग स्त्रियांच्या आवाजात दुःखी मातेचे स्तोत्र. धार्मिक संगीत छापणाऱ्या एका प्रकाशकाने ते परत पाठवले. लिस्ट यांनी ते कधीच ऐकले नाही. १९२९ सालच्या शुभ शुक्रवारी बुडापेस्टमध्ये ते पहिल्यांदा गायले गेले.