तोंडातलं गाव पाहणारा कापड दुकानदार

माझी कवळी बसवण्याआधी दातांच्या डॉक्टरांनी दातांवरचं किटण काढून मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. ती वळवळ बघून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढे वाचनात अँटोनी व्हॅन लिव्हेनहूक आला, आणि कळलं की ही वळवळ जगात पहिल्यांदा बघून लिहून ठेवणारा माणूस हाच. आपल्या स्मरणिकेत लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी त्याचंच नाव दिलं. त्याचं कारण शेवटी सांगतो.

लिव्हेनहूक जन्मला 1632 साली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी. म्हणजे शिवाजी महाराजांच्या बरोबरीचाच. वडील टोपल्या विणायचे, ते लवकर वारले. पोरगा सोळाव्या वर्षी ॲमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला. पुढे गावी परत येऊन त्यानं स्वतःचं दुकान टाकलं आणि 1660 पासून नगरपालिकेत नोकरीही धरली. कॉलेज नाही, लॅटिन नाही. कापडाचा पोत बघायला दुकानदार भिंग वापरत. हा स्वतःच भिंगं घासायला बसला आणि त्यात इतका पटाईत झाला की त्याचं इवलंसं भिंग वस्तू दोनशे पटींहूनही मोठी दाखवी.

1674 साली, इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, त्यानं गावाजवळच्या तळ्याचं हिरवट पाणी भिंगाखाली धरलं. समजा, आपल्या रंकाळ्याचंच पाणी म्हणा. त्यात त्याला हलणारे जीव दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला तो डच भाषेत पत्रं लिहायचा. तिथल्या विद्वानांचा आधी विश्वास बसेना. रॉबर्ट हूक यांनी 1677 साली स्वतः बघून खात्री केली, आणि 1680 मध्ये या दुकानदाराला सोसायटीचं सभासदत्व मिळालं.

17 सप्टेंबर 1683 चं त्याचं पत्र दातांविषयी आहे. तो रोज मिठानं दात घासायचा, आपले आजी-आजोबा घासायचे तसाच. तरी दाढांच्या फटीत पांढरा थर राहायचाच. तो त्यानं पावसाच्या पाण्यात कालवून बघितला. मग बायकांच्या, एका लहान मुलाच्या आणि कधीच दात न घासलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडातला थरही तपासला. म्हाताऱ्याच्या तोंडात तर जत्राच भरली होती! आपल्या एका तोंडात अख्ख्या देशातल्या माणसांपेक्षा जास्त जीव आहेत, असा हिशेब त्यानं मांडला. पुढे त्याला असंही दिसलं की गरम कॉफीनं पुढच्या दातांवरचे जीव मरतात आणि मागच्या दाढांचे वाचतात.

त्यानं या जीवांना नावं दिली नाहीत. चित्रं काढली, त्यांना अक्षरं दिली आणि कोण सुळकन पळतो, कोण भोवऱ्यासारखा फिरतो, कोण जागचा हलत नाही ते लिहून ठेवलं. आपल्या राजारामपुरीच्या गल्ल्यांना नुसते नंबर आहेत, पण पोस्टमन चुकत नाही. तसंच हे.

नावं फार उशिरा आली. लिनियस यांनी 1767 मध्ये असल्या सूक्ष्म जीवांची सरळ 'केऑस', म्हणजे गोंधळ, या खात्यात नोंद केली. आमच्या बँकेतल्या सस्पेन्स अकाउंटसारखी. 1872 साली फर्डिनांड कोन यांनी गोल, दांडीसारखे, वळणदार अशी आकारावरून नीट वर्गवारी केली. दात किडवणाऱ्या जंतूला 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' हे नाव क्लार्क यांनी 1924 साली दिलं. तो आकार बदलतो, म्हणून म्यूटन्स. आज माणसाच्या तोंडातल्या सुमारे 700 जाती माहीत आहेत.

मधे एवढा काळ का गेला? एक कारण लिव्हेनहूक स्वतः. त्यानं पाचशेच्या वर भिंगं केली, पण आपली सर्वांत चांगली भिंगं आणि बघण्याची खास रीत कुणाला दाखवली नाही. शिष्य तयार केला नाही. 1723 साली, नव्वदाव्या वर्षी तो गेला. चांदीचे 26 सूक्ष्मदर्शक त्यानं रॉयल सोसायटीला ठेवले, हातातली कला मात्र त्याच्याबरोबर गेली.

आता कारण सांगतो. आपल्या सोसायटीच्या टाकीचे तीन व्हॉल्व्ह कुठला कोणत्या विंगचा, हे कित्येक वर्षं फक्त मला ठाऊक होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं. मी नसलो की काम अडतं, याचा मनातून अभिमानही होता. गेल्या पावसाळ्यात मी चार दिवस दवाखान्यात होतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गुडघेदुखी असताना बादल्या वाहिल्या. मला कुणी बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. बँकेत बदली झाली की चार्ज दिल्याशिवाय आम्ही खुर्ची सोडत नव्हतो, आणि इथं मी तेच विसरलो.

घरी आल्यावर पहिल्यांदा रंगाचा डबा आणला. तिन्ही व्हॉल्व्हवर आता अ, ब, क लिहिलंय आणि कोणता कधी सोडायचा त्याचा कागद पंपरूमच्या दारावर लावलाय. पोरांनो, एकदा बघून घ्या. काही चुकलं असेल तर मी आहे तोवर विचारा.