अंगणातील पाखरांचे चरित्रकार : एडवर्ड हॅमिल्टन एटकिन

सातारा म्हटले की आपणांस अजिंक्यतारा आठवतो, छत्रपतींची गादी आठवते, आणि माहुलीचा संगमही आठवतो. परंतु ह्याच गावी एका स्कॉटिश पाळकाच्या घरी एक असा मुलगा जन्मास आला की, ज्याने पुढे आपल्या दाराशी येणाऱ्या चिमण्या-कावळ्यांची चरित्रे लिहून नाव मिळविले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म १६ ऑगस्ट १८५१. साताऱ्याचे राज्य नुकतेच खालसा झाले होते आणि आगगाडी अजून मुंबईसही सुरू व्हावयाची होती.

वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. त्या काळी साहेब लोकांची मुले पाच-सात वर्षांची होताच शिक्षणासाठी विलायतेस धाडण्याची चाल होती. आईबाप इकडे आणि मुले तिकडे, अशी कित्येक वर्षे जात. एडवर्डच्या वाट्यास हा वियोग आला नाही. त्यांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच झाले. त्या घरी शास्त्रपाठ नित्याचा असल्यामुळे जुन्या करारातील माणसे त्यांस शेजाऱ्यांइतकी परिचयाची झाली, आणि पुढे त्यांच्या लेखणीतून ती पदोपदी डोकावत राहिली. नंतरचे शिक्षण मुंबईस व पुण्यास झाले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. व एम. ए. ह्या परीक्षांत त्यांचे नाव यादीत पहिले होते. १८७० ते १८७६ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकविले. असा हा भाषापंडित पाखरांच्या नादी कसा लागला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्या पुढील नोकरीत आहे.

एप्रिल १८७६ मध्ये त्यांनी मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात प्रवेश केला. मिठावरील कर वसूल करणारे हेच ते खाते, ज्याच्या कायद्याविरुद्ध पुढे १९३० साली दांडीस आणि आपल्या कोकणात शिरोड्यास सत्याग्रह झाला. एटकिन ह्या खात्याचे इमानी सेवक होते, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. परंतु ह्या चाकरीने त्यांस एक देणगी दिली, ती एकांताची. कच्छच्या रणाच्या काठी खाराघोडा म्हणून मिठागरांचे ठाणे आहे. चहूंकडे खारट सपाट जमीन, अंगावर धूळ, बोलावयास समानशील मनुष्य मिळणे कठीण. अशा जागी माणसे पत्त्यांकडे वळतात किंवा पेल्याकडे वळतात. एटकिन ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि समोर काय चालले आहे ते पाहू लागले.

त्या पाहण्यातून ‘माझ्या सरहद्दीवरील टोळ्या’ अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८३ साली बाहेर आले. त्या नावातच विनोद आहे. १८७८ ते १८८० ह्या काळात इंग्रज फौजा अफगाणांशी लढत होत्या, आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या वार्ता रोज वर्तमानपत्रांत येत होत्या. एटकिन यांनी आपल्या बंगल्याची ओसरी हीच सरहद्द मानिली. तेथे हल्ला करणाऱ्या टोळ्या म्हणजे उंदीर, डास, मुंग्या, बेडूक, कोळी, वटवाघळे आणि कावळे! खाराघोड्यास त्यांनी धुळीवरून एक थट्टेचे नाव दिले, आणि त्या रुक्ष गावी बागेत कोणती पाखरे येतात, आमराईत कोणती आणि तळ्यावर कोणती, ह्यांची स्वतंत्र प्रकरणे लिहिली. कावळ्यावर तर त्यांनी सबंध प्रकरण खर्ची घातले. कावळ्याशी त्यांचे वैर उघड होते. त्याचा धीटपणा, त्याचा चोरटेपणा, दुसऱ्याच्या दुःखात सुख मानण्याची त्याची वृत्ती, ह्यांचे वर्णन करताना त्यांच्या लेखणीस विशेष धार चढते. पण वाचणाऱ्याच्या ध्यानात येते की, शत्रूकडे इतके बारकाईने पाहणारा मनुष्य मनातून त्याजवर थोडासा लुब्धही असला पाहिजे.

पुस्तकावर त्यांनी पुरे नाव घातले नाही. आपल्या नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरे तेवढी घातली. ती तीन अक्षरे जोडून वाचली तर ‘ईहा’ असा उच्चार होतो, आणि संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा किंवा खटपट. हा केवळ योगायोग. तथापि पाहण्याची अनावर इच्छा असलेल्या ह्या लेखकास ते नाव शोभून दिसते.

१८८३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठे भरगच्च होते. त्याच वर्षी पुस्तक निघाले, त्याच वर्षी रेव्हरंड चामर्स ब्लेक यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात (आज त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे) आठ गृहस्थ जमले व त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थापन केली. ह्या आठांत एटकिन होते. त्यांच्या शेजारी दोन हिंदी डॉक्टर बसले होते, हे आपण अभिमानाने लक्षात ठेविले पाहिजे: एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे जाणते डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेचे पहिले चिटणीस एटकिनच झाले. १८८४ च्या जानेवारीत संस्थेस जागा मिळाली ती फिप्सन नावाच्या सभासदाच्या मद्याच्या पेढीत! पाळकाच्या मुलास दारूच्या बाटल्यांशेजारी फुलपाखरे लावून ठेवताना काय वाटले असेल, ह्याची कल्पनाच करावी.

ह्या संस्थेने पुढे एक पाळीव पाखरूही बाळगले, त्याची हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९४ साली कारवारहून राजधनेशाचे तीन महिन्यांचे पिल्लू भेट आले. त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. चिटणीसांच्या खुर्चीमागील पिंजऱ्यात हा प्रचंड चोचीचा सभासद २६ वर्षे राहिला आणि १९२० साली मेला. संस्थेच्या मुंबईतील इमारतीस आजही धनेशाचेच नाव आहे. कारवार हा मुलूख एटकिन यांच्याही फिरतीचा होता. तेथे डेव्हिडसन व बेल ह्या मित्रांबरोबर त्यांनी सुरवंट घरी आणून, पाला घालून वाढविले व कोणत्या सुरवंटाचे कोणते फुलपाखरू होते ह्याची नोंद केली. मेलेल्या फुलपाखरास टाचणी लावणे सोपे. जिवंत सुरवंटास रोज ताजा पाला आणून देणे चिकाटीचे काम आहे.

एटकिन यांची थोरवी नीट समजण्यास त्या काळची पक्षिविद्या कशी होती हे पाहिले पाहिजे. पक्षी ओळखण्याचे साधन म्हणजे बंदूक. पाखरू मारावे, कातडे सोलून भुसा भरावा, इंचांनी मापे घ्यावी, आणि लॅटिन नाव चिकटवून पेटीत ठेवावे, ही रीत होती. राष्ट्रसभेचे एक जनक ॲलन ह्यूम हे पक्षिशास्त्राचे आचार्य. त्यांनी १८८५ साली लंडनच्या संग्रहालयास दिलेल्या कातड्यांची व अंड्यांची संख्या पाऊण लाखावर होती. ह्या परिश्रमांवाचून शास्त्र उभे राहिले नसते, हे खरेच. पण शाळेत जाणाऱ्या मुलास किंवा कचेरीतून दमून येणाऱ्या कारकुनास त्या पेट्यांचा काय उपयोग? त्याला खिडकीतून जे पाखरू दिसते त्याचे नाव हवे असते, ते काय खाते, घरटे कोठे बांधते आणि असे का ओरडते, हे हवे असते.

ही गरज एटकिन यांनी जाणली. १९०० साली त्यांचे मुंबईच्या सामान्य पक्ष्यांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लॅटिन शिकविलेला हा मनुष्य. परंतु लॅटिनचा भार त्याने वाचकावर टाकिला नाही. उन्हाच्या वेळी ठोक्यामागून ठोका घालणारा तांबट, भल्या पहाटे शीळ घालणारा दयाळ, पानांस टाके घालणारा शिंपी, गुरांच्या पाठीवर बसून किडे टिपणारा व घारीसही पिटाळून लावणारा कोतवाल, फुलाफुलांतून भिरभिरणारा सूर्यपक्षी, बाभळीवर घरटी लोंबविणारी सुगरण, ही सारी मंडळी त्यात आहेत. शहराबाहेर पाऊल न टाकता, बंदुकीला हात न लावता, भेटतील अशीच ही पाखरे. पर्वतावरील प्रवचनात प्रभूने आकाशातील पाखरांकडे दृष्टी वळविण्यास सांगितले आहे, आणि एटकिन यांनी ते शब्दशः पाळले असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांच्या घरी पाहुण्या आलेल्या पाखरांत टॉमी नावाचे एक छोटे घुबड होते. घुबड ही काय वस्तू आहे हे आपणांस टॉमीने प्रथम शिकविले, असा त्यांचा अभिप्राय आहे. कोशात दिलेली व्याख्या त्यांस पुरेशी वाटली नाही. आपल्याकडे पिंगळा बोलला की लोक शकुन-अपशकुन पाहू लागतात आणि गव्हाणी घुबड आढ्याला बसले तर त्यास काठीने हाकलतात. एटकिन यांनी गव्हाणी घुबडाची बाजू मोठ्या आवेशाने मांडली: रात्रभर उंदीर मारणारा हा पक्षी मनुष्याचा मित्र आहे. ज्या मुंबईत १८९६ पासून प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली, तेथे उंदीर खाणाऱ्या पाखरास अपशकुनी म्हणून घालवून द्यावे, ह्याहून विपरीत ते काय!

आता एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. १८८९ सालच्या ‘बंगल्यामागे’ अशा अर्थाच्या पुस्तकात त्यांनी आपल्या नोकरचाकरांची शब्दचित्रे रेखाटली आहेत. निरीक्षण तेच, विनोद तोच. पण कावळ्याविषयी जी थट्टा गोड लागते ती धोब्याविषयी व आयेविषयी गोड लागत नाही. कावळ्यास ती वाचता येत नव्हती, आणि धोब्याच्या नातवंडांस आज वाचता येते. साहेबाच्या ओसरीवरून पाखरे जितकी स्पष्ट दिसत, तितकी माणसे दिसत नसत, असेच म्हणावे लागते.

तथापि ह्याच खात्याच्या गरीब शिपायांकरिता त्यांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही तितकेच खरे. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाचा इतका कहर असे की, तेथील बदलीचे नाव निघताच शिपायांच्या अंगावर काटा येई. डासांमुळे हा ताप येतो हे तेव्हा नुकतेच सिद्ध झाले होते. १९०२ साली सरकारने एटकिन यांस शिपायांच्या वस्त्या डासांपासून दूर कोठे हलविता येतील हे शोधण्यासाठी पाठविले. त्या रानात हिंडताना त्यांस डासाची एक नवी जात सापडली, आणि मेजर जेम्स ह्या शास्त्रज्ञाने तिला त्यांचेच नाव दिले. जन्मभर पाखरांवर प्रेम केलेल्या माणसाचे नाव शास्त्रात राहिले ते डासाला, ह्या गोष्टीवर ते स्वतः एक झकास लेख लिहू शकले असते.

मुंबईच्या स्कॉटिश मंडळीत ते सुमारे वीस वर्षे वडील होते आणि काही वर्षे रविवारच्या शाळेचे प्रमुखही होते. १९०३ साली त्यांची कराचीस मोठ्या हुद्द्यावर नेमणूक झाली, पुढे सिंध प्रांताच्या गॅझेटिअरचे काम त्यांजकडे आले, व ऑगस्ट १९०६ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. एडिंबरो येथे एप्रिल १९०९ मध्ये त्यांचा अंत झाला. साताऱ्यास जन्मून ज्याने आपले सारे आयुष्य ह्या देशात वेचले, त्याला शेवटची अडीच-तीन वर्षेच काय ती पूर्वजांची भूमी लाभली. टॉमीची कथा व गव्हाणी घुबडाचा लेख ज्यात आहे तो संग्रह त्यांच्या पश्चात १९१४ साली निघाला.

पुढे थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी त्यांच्या पक्ष्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती संपादन केली. ते पुस्तक आज उघडले तर एका जागी वाचकास थबकावे लागते. मुंबईच्या सामान्य पक्ष्यांत एटकिन यांनी गिधाडांची गणना केली आहे. त्यांच्या काळी मलबार टेकडीवर, पारशी लोकांच्या दखम्यांभोवती, ती थव्यांनी बसलेली असत. त्यांत नवल असे काहीच नव्हते. १९९० नंतरच्या दशकात ती दिसेनाशी झाली. गुरांना वेदनेवर देत असलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे शोधून काढीपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरांत एकही नीट उरले नव्हते. २००६ साली सरकारने गुरांसाठी त्या औषधास बंदी केली. चिमणीही कित्येक शहरी घरांच्या वळचणीतून निघून गेली आहे.

एटकिन यांचा जुना वैरी कावळा मात्र आहे. आमच्या वर्गाच्या खिडकीत मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटे तो नेमाने येऊन बसतो, मान वाकडी करून एका डोळ्याने कोणाच्या डब्यात काय आहे ह्याचा अंदाज घेतो, आणि घंटा होताच जागा बदलतो.