शांबेरीच्या चौकातले चार हत्ती: महादजी शिंदेंचा सेनापती फ्रान्समधल्या वाड्यात कसा पोहोचला?

कासारवाडीत राहणारा माझा एक कॉलेजमित्र कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे फ्रान्सला गेला होता. सुट्टीच्या दिवशी आल्प्सच्या पायथ्याचे शांबेरी हे शहर बघून आला आणि ग्रुपवर फोटोंचा पाऊस पाडला. चीज, वाइन, द्राक्षमळे, डोंगर आणि मधेच हत्ती. भर चौकात कारंजे, चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती, सोंडेतून पाणी आणि वर खांबावर कुणाचा तरी पुतळा. या फोटोखाली त्याने नुसते प्रश्नचिन्ह टाकले होते.

त्याचे उत्तर पुण्यातच आहे. वानवडीला शिंदे छत्री, म्हणजे महादजी शिंदे यांची समाधी आहे. खांबावरचा तो माणूस याच महादजींच्या नोकरीत होता. नाव बेन्वा द ब्वान्य. मराठी पुस्तकांत तो डी बॉईन या नावाने भेटतो.

कोण होता हा डी बॉईन?

जन्म १७५१ चा, शांबेरीतलाच. वडिलांचा फर आणि कातड्याचा व्यापार. आपल्याकडे त्याला सरसकट फ्रेंच सेनापती म्हणतात, पण ते तितकेसे बरोबर नाही. शांबेरी ज्या सव्हॉय प्रांतात येते तो तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होता. फ्रान्समध्ये तो कायमचा आला १८६० मध्ये.

तरुणपणी डी बॉईन फ्रान्सच्या सैन्यातल्या आयरिश पलटणीत भरती झाला. तिथे मन रमले नाही म्हणून रशियाच्या बाजूने तुर्कांशी लढायला गेला आणि कैद झाला. सुटल्यावर इजिप्तमार्गे १७७८ मध्ये मद्रासला पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत काही वर्षे काढून तीही नोकरी सोडली. पुढे लखनौमध्ये फारसी आणि हिंदुस्तानी शिकला. तिथेच क्लॉड मार्टिन या धनाढ्य फ्रेंच माणसाशी त्याची मैत्री झाली. लखनौचे ला मार्टिनियर कॉलेज याच मार्टिनच्या पैशांतून उभे राहिले.

आजच्या भाषेत सांगायचे तर तिशी ओलांडलेला, चार ठिकाणी नोकरी करून बाहेर पडलेला उमेदवार. एचआरवाल्यांनी असा सीव्ही बाजूला ठेवला असता.

महादजींनी त्याला का घेतले?

इंग्रजांशी झालेल्या लढायांत महादजींनी एक गोष्ट नीट पाहिली होती. कवायती पायदळ रांग न मोडता उभे राहिले, तर नुसते घोडदळ त्याच्यापुढे टिकत नाही. तसे पायदळ त्यांना हवे होते. १७८४ मध्ये करार झाला: प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभ्या करायच्या, डी बॉईनला स्वतःसाठी महिना १,००० रुपये आणि दर शिपायामागे ८ रुपये. शिपायाला सरासरी साडेपाच रुपये द्यायचे आणि उरलेल्यात अधिकाऱ्यांचे पगार भागवायचे, असा त्याचा हिशेब होता. भोसरी-चाकण पट्ट्यात काम केलेल्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. माणशी दराचे हे लेबर कॉन्ट्रॅक्टच होते.

फरक एवढाच की पगार वेळेवर मिळत. त्या काळात शिपायांचे पगार थकणे आणि त्यावरून बंड होणे नेहमीचेच होते. १७९० नंतर फौजेच्या खर्चासाठी महादजींनी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख लावून दिला. त्याच्या महसुलावर अलिगडजवळ छावणी चालली. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतू लागला. जखमी शिपायांसाठी दवाखान्याची सोय झाली, कायमच्या जायबंदी झालेल्यांना आधार मिळू लागला. डी बॉईनच्या लढाया पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मला विचाराल तर त्याचे खरे काम ही यंत्रणा होती.

लढायाही थोड्या नव्हत्या. १७८७ मध्ये लालसोटला बाकीच्यांनी पाठ फिरवली तरी त्याच्या पलटणी उभ्या राहिल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता जिंकले; मेडत्याला राठोडांच्या घोडदळाचे हल्ले शिपायांनी चौकोन करून झेलले. १७९३ मध्ये लाखेरीला समोर तुकोजी होळकरांची फौज होती, म्हणजे मराठेच. डी बॉईनच्या चरित्रात हा विजय, आपल्या इतिहासात दुखणे.

नोकरी धरताना त्याने एक अट घातली होती: इंग्रजांविरुद्ध लढणार नाही.

मग तो गेला का?

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजींचे निधन झाले. गादीवर आलेले दौलतराव कोवळ्या वयाचे होते आणि डी बॉईनची तब्येत ढासळली होती. १७९५ च्या अखेरीस फौज पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे सोपवून तो निघाला. खासगी घोडदळ त्याने जाता जाता कंपनीला विकले आणि १७९६ मध्ये कलकत्त्याहून जहाज पकडले.

सात वर्षांनी, १८०३ मध्ये, इंग्रजांनी अलिगडचा किल्ला घेतला आणि लासवारीला शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. त्या पलटणी शेवटपर्यंत चिवट लढल्या. पेराँ त्याआधीच इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. ज्याने ही फौज घडवली तो तेव्हा शांबेरीत घर लावत होता.

वाडे, वाइन आणि मागे राहिलेली नूर

डी बॉईन एकटा गेला नव्हता. पत्नी नूर बेगम आणि दोन मुले त्याच्यासोबत लंडनला आली. तिथे नूरची हेलेन झाली, मुलगी बानूची ॲना आणि मुलगा अली बक्षचा चार्ल्स. वर्षभरातच, १७९८ मध्ये, ४७ वर्षांच्या डी बॉईनने आदेल नावाच्या १७ वर्षांच्या सरदारकन्येशी लग्न केले. क्रांतीमुळे देशोधडीला लागलेल्या तिच्या घराला त्याच्या पैशाचा आधार हवा होता. हा संसार टिकला नाही. आदेलने पुढे लिहिलेल्या आठवणी फ्रेंच साहित्यात गाजल्या आणि त्यांत नवऱ्याचे चित्र काही चांगले नाही.

नूरला त्याने वार्षिक रक्कम लावून दिली. ती इंग्लंडमध्ये ससेक्सला राहिली, १८५३ मध्ये वारली. हॉर्शमला तिचे थडगे आहे. मुलगी तरुणपणीच गेली, मुलगा चार्ल्स मात्र बापाचा वारस झाला.

डी बॉईन १८०२ मध्ये शांबेरीला परतला. शहराला लागून ब्यूसाँ-राँ हा शातो, म्हणजे बागबगीचा असलेला सरदारी वाडा, त्याने घेतला. ऱ्होन नदीकाठच्या ल्यूसे गावचा शातोही त्याचाच झाला. शहरातले दवाखाने, वृद्ध आणि निराधारांसाठीचे आश्रम यांना त्याने सढळ हाताने पैसा दिला. १८१६ मध्ये राजाने काउंट केले. २१ जून १८३० रोजी तो वारला आणि आठ वर्षांनी हत्तींचे कारंजे उभे राहिले. हत्तींची फक्त पुढची अर्धी शरीरे आहेत, म्हणून शांबेरीकर त्यांना चेष्टेने बिनढुंगणाचे चौघे म्हणतात.

तिकडे जाणार असाल तर

पॅरिसहून शांबेरीला थेट रेल्वे आहे. ब्यूसाँ-राँची बाग आज सार्वजनिक उद्यान आहे. ल्यूसेच्या उतारांवर अजूनही द्राक्षे पिकतात. इथली पांढरी वाइन आल्तेस नावाच्या द्राक्षाची. सायप्रसच्या राजकन्येबरोबर ही वेल आली, अशी तिथली आख्यायिका आहे. लाल हवी असेल तर माँद्यूझ. सोबत बोफोर हे डोंगरी गाईंच्या दुधाचे चीज. शाकाहारींनी क्रोझे मागवावे: छोट्या चौकोनी पास्त्यावर भरपूर चीज. मागवताना मांस नको, हे आधीच सांगा, कारण हॅमचे तुकडे घालण्याची तिथे पद्धत आहे.

मित्राला हे सगळे पाठवले. ल्यूसेची वाइन राहिली म्हणून तो हळहळला. मग कळले की जन्म पिंपरी-चिंचवडमध्ये जाऊनही त्याने शिंदे छत्री पाहिलेली नाही. येत्या रविवारी कासारवाडीहून सकाळची लोकल पकडायची, पुणे स्टेशनला उतरायचे आणि तिथून रिक्षाने वानवडी, असे ठरले आहे.