पाठ्यपुस्तकालाच प्रश्न विचारणारे न्यायमूर्ती

रानडे म्हटलं की आपल्याला समाजसुधारक आठवतात. विधवाविवाह, प्रार्थना समाज आणि फार तर रमाबाई. पण देश गरीब का राहतो, हा प्रश्नही या माणसाने आयुष्यभर सोडला नाही.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ चा, निफाडचा. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. वाचून वाचून डोळे अधू झाले, तरी वाचन थांबलं नाही. पुढे सरकारी न्यायखात्यात नोकरी लागली. पुण्यात सार्वजनिक सभेच्या कामात ते इतके रमले की सरकारला संशय येऊ लागला. मग नाशिक, धुळे अशा बदल्या झाल्या.

१८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवत रानडे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. शेतकऱ्याचं कर्ज त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं नव्हतं, कोर्टाच्या कागदांत रोज पाहिलं होतं.

दादाभाई नौरोजी सांगत होते, भारताची संपत्ती इंग्लंडला वाहून जाते. रानड्यांचं म्हणणं, एवढ्यावरच बोट ठेवून भागणार नाही. खरी अडचण घरातही आहे. यंत्राच्या मालापुढे विणकर, कारागीर टिकत नाहीत आणि पुन्हा शेतीकडे वळतात. जमीन तेवढीच, खाणारी तोंडं जास्त. कारखाना काढायचा तर भांडवल नाही. एकीकडे पैसा पडून राहतो, दुसरीकडे शेतकरी जबर व्याज भरतो. या दोघांना जोडणारी पतव्यवस्थाच नाही! म्हणून उद्योग हवेत, स्वस्त कर्ज हवं आणि सरकारचा हातभारही हवा.

हे सगळं त्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मांडलं. समोर विद्यार्थी होते. तेव्हा कॉलेजात शिकवलं जाई की खुला व्यापार सगळ्या देशांना सारखाच लाभतो. रानड्यांनी विचारलं, मग जर्मनी आणि अमेरिकेने आपले उद्योग जकातीच्या आडोशाला का वाढवले? इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेला नियम भारताला जसाच्या तसा कसा लागू होईल?

यात एक पेच मात्र होता. जर्मनीचं सरकार जर्मनांचं होतं. इथे मदत मागायची ती परक्या सरकारकडे, आणि त्याला मँचेस्टरच्या गिरण्यांची काळजी जास्त. रानडे तरीही अर्ज, अहवाल, औद्योगिक परिषदा या वाटेनेच जात राहिले. टिळकांच्या पिढीला ही वाट फार संथ वाटली.

१८९३ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते गेले. तीनच वर्षांनी देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला.

अर्थशास्त्राच्या पेपरात विकासाचे अडथळे पाच मुद्द्यांत लिहून मोकळं होता येतं. पण मुद्दे पाठ करण्याआधी रानड्यांचा प्रश्न विचारून बघा : हा नियम कुठल्या देशात, कुणाच्या सोयीने तयार झाला?