लायसन्स म्हणजे नुसती पावती होती, या मंत्र्याने त्याची परीक्षा केली!

लायसन्स काढायचं म्हटलं की आधी लर्निंग, मग गाडीला लाल अक्षरातला 'एल', मग सराव आणि शेवटी आरटीओची टेस्ट. टेस्टच्या दिवशी भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. एवढा खटाटोप कशासाठी, असंही अनेकांना वाटतं.

पण एक काळ असा होता की इंग्लंडमध्ये लायसन्स काढायला गाडी चालवता येण्याची गरजच नव्हती. पैसे भरा, लायसन्स घ्या आणि सुटा!

हे चित्र बदलण्यात ज्या मंत्र्याचं नाव सगळ्यात पुढे येतं, ते म्हणजे लेस्ली होर-बेलिशा.

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १८९३ रोजी लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले. आईनेच त्यांना वाढवलं. पुढे आईने अडेर होर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मूळच्या बेलिशा आडनावाला 'होर' जोडलं गेलं.

ऑक्सफर्डमध्ये शिकताना त्यांनी वक्तृत्व गाजवलं. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १९२३ मध्ये प्लिमथ डेव्हनपोर्टमधून खासदार झाले आणि १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे वाहतूक खातं आलं.

त्या काळी हे खातं काही मानाचं समजलं जात नव्हतं. पण रस्त्यावरची परिस्थिती भयानक होती.

ब्रिटनमध्ये १९०४ पासून लायसन्स सक्तीचं होतं. त्याची फी होती पाच शिलिंग. सर्वसामान्य चालकाची परीक्षा मात्र कोणी घेत नव्हतं. म्हणजे लायसन्स ही एक प्रकारची पावतीच होती. गाड्यांसाठी ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची वेगमर्यादा होती, पण ती कोणी पाळत नाही म्हणून १९३० च्या कायद्याने तीही मोटारींसाठी काढून टाकली. याच कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, पण गाडी कशी चालवतोस, हे विचारणारं कोणी नव्हतंच.

परिणाम काय झाला? एकट्या १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ लोकांचा जीव गेला. सव्वादोन लाखांहून जास्त लोक जखमी झाले. तेव्हा देशात सगळी मिळून वाहनं होती जेमतेम २५ लाखांच्या आसपास. आज तिथे चार कोटींहून जास्त वाहनं आहेत आणि वर्षाला दोन हजारांपेक्षा कमी लोक अपघातात मरतात. यावरून तेव्हाच्या परिस्थितीचा अंदाज येतो.

मरणाऱ्यांमध्ये साधारण निम्मे लोक पायी चालणारे होते. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, तेच गाडीखाली येत होते.

याचा अनुभव खुद्द मंत्र्यांनाही आला. खातं हातात घेऊन थोडेच दिवस झाले होते. लंडनच्या कॅमडेन टाउन भागात ते पादचाऱ्यांसाठी आखलेल्या जागेवरून रस्ता ओलांडत होते. तेवढ्यात एक स्पोर्ट्स कार न थांबता सुसाट निघून गेली. बेलिशा थोडक्यात बचावले.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी झळकली. बेलिशांना प्रसिद्धीची आवड होती आणि ती कशी वापरायची हेही त्यांना चांगलं कळत होतं. रस्ता ओलांडायची जागा चालकाला लांबूनच दिसली पाहिजे, हे त्यांनी लोकांच्या मनावर ठसवलं. मग अशा जागांच्या दोन्ही बाजूंना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब उभे राहिले. खांबाच्या टोकाला नारिंगी रंगाचा काचेचा गोळा.

लोकांनी सुरुवातीला या खांबांची भरपूर टिंगल केली. व्यंगचित्रं निघाली. पोरांना तर नेम धरायला आयतं लक्ष्यच मिळालं, दगड मारून त्यांनी कितीतरी गोळे फोडले. पण खांब टिकले आणि त्यांना नाव पडलं 'बेलिशा बीकन'. आजही ब्रिटनमध्ये झेब्रा क्रॉसिंगच्या बाजूला हेच नारिंगी दिवे लुकलुकताना दिसतात.

पण बेलिशांच्या काळातला सगळ्यात मोठा बदल होता ड्रायव्हिंग टेस्टचा.

त्यासाठीचा कायदा त्यांच्या आधीच्या मंत्र्याच्या काळातच संसदेत आला होता. शिवाय फ्रान्स आणि जर्मनीत चालकांची परीक्षा आधीपासून होत होती. पण ब्रिटनमध्ये हा कायदा प्रत्यक्ष रस्त्यावर उतरवायचं काम बेलिशांच्या वाट्याला आलं.

मार्च १९३५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. आणि पुढे एकदम गर्दी होऊ नये म्हणून ऐच्छिक ड्रायव्हिंग टेस्ट सुरू झाल्या. १ जून १९३५ पासून टेस्ट सक्तीची झाली. फी होती साडेसात शिलिंग.

तेव्हा टेस्टसाठी वेगळी केंद्रंच नव्हती. परीक्षक आणि उमेदवार रेल्वे स्टेशन, टाउन हॉल किंवा एखाद्या बागेजवळ ठरवून भेटायचे. अर्ध्या तासाची परीक्षा. गाडी वळवणं, थांबवणं, हाताने इशारे देणं आणि रस्त्याच्या नियमांवरचे प्रश्न. शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल 'एल' लावणंही याच वेळी बंधनकारक झालं. त्या वर्षी साधारण ६३ टक्के लोक पास झाले. म्हणजे दर तीन उमेदवारांमागे एकाहून जास्त जण नापास! आदल्या वर्षी आले असते, तर हे सगळे पाच शिलिंग भरून थेट रस्त्यावर उतरले असते.

या नियमात एक मोठी फट मात्र होती. १ एप्रिल १९३४ पूर्वी गाडी चालवायला सुरुवात केलेल्यांना टेस्ट माफ होती. म्हणजे आधीपासून बेफाम गाडी हाकणारे तसेच रस्त्यावर राहिले. वेगमर्यादेवरही मोटारवाले नाराज होते, आपल्या स्वातंत्र्यावर घाला आल्याची त्यांची तक्रार होती.

तरीही १९३५ मध्ये मृतांचा आकडा ६,५०२ वर आला. एका वर्षात ८४१ बळी कमी. हे श्रेय एकट्या टेस्टला देता येणार नाही, कारण वेगमर्यादा आणि क्रॉसिंगही त्याच काळात आले. पण नियम कडक केले की माणसं वाचतात, हे देशाला दिसलं.

पुढे १९३७ मध्ये बेलिशा युद्धमंत्री झाले. सैनिकांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था सुधारण्यावर त्यांनी भर दिला. पण सेनापतींशी त्यांचं बिनसलं आणि जानेवारी १९४० मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्यांना माहिती खातं द्यायचा विचार झाला, तेव्हा त्यांचं ज्यू असणंही आड आलं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तशा ड्रायव्हिंग टेस्टही बंद पडल्या, त्या १९४६ मध्येच पुन्हा सुरू झाल्या. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रस्त्यांवर रात्री अंधार केला जायचा. १९४१ मध्ये अपघाती मृत्यूंचा आकडा ९,१६९ वर गेला.

१९४५ च्या निवडणुकीत बेलिशा पडले. १९५४ मध्ये त्यांना लॉर्ड केलं गेलं. १६ फेब्रुवारी १९५७ रोजी ब्रिटिश शिष्टमंडळ घेऊन ते फ्रान्समधल्या रँस शहरात गेले होते. तिथे भाषण करतानाच ते कोसळले आणि त्यांचं निधन झालं.

भारतात मोटार वाहन कायदा आला १९३९ मध्ये, ब्रिटिशांच्याच काळात. आज १९८८ चा कायदा लागू आहे. आधी शिकाऊ लायसन्स, गाडीवर लाल 'एल', शेजारी लायसन्स असलेला माणूस आणि मग टेस्ट, ही पद्धत आपल्याकडेही आहे. पण २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ लोकांनी जीव गमावला.

टेस्ट न देता, ओळखीने किंवा एजंटला पैसे देऊन लायसन्स मिळवलं, तर ते पुन्हा १९३४ पूर्वीची पाच शिलिंगांची पावतीच होतं. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा रस्ता ओलांडणारा भलताच कोणीतरी मोजतो.